पिवळ्या दोऱ्याचा पाला

भोसे, ता. महाबळेश्वर
२० ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानेश,

अनेक आशीर्वाद.

स्ट्रॉबेरीची रोपं आज निघाली, हे पत्र त्यांच्याबरोबरच आहे. परवा सकाळी बोईसरला मिळतील. मिळाल्याबरोबर सावलीत उघड, पाणी शिंपड, त्याच दिवशी लाव.

चार जुड्या आहेत. प्रत्येकीला दोरा बांधला आहे: लाल, निळा, पांढरा, पिवळा. कुठल्या दोऱ्याला कुठली जात ते सांगणार नाही. विचारू नकोस. नाव कळलं की माणूस नावाचं फळ खातो, समोरचं खात नाही.

प्रत्येक तोड दोऱ्याप्रमाणे वेगळी तोल. दहा-दहा फळांच्या रसाची गोडी मोज, त्याचं यंत्र तुझ्या लॅबमध्ये आहे म्हणालास. फळ दोन दिवस ठेवून बोटाने दाबून बघ. आणि पाला. जुनी पानं काढावीच लागतात, इथे आम्ही ती बांधावर टाकतो. चहासाठी ती विकत घेणारा माणूस तुला पालघरात भेटला आहे, तर तीही जातवार वाळव आणि प्रत्येकीची मूठभर मला पाठव. पाला मी नाकाने ओळखतो.

सगळं पत्राने कळव. डावा कान आधीच गेला होता, आता उजवाही गेला. फोनवर तू बोलतोस ते सून ओरडून सांगते आणि सगळ्या आळीला कळतं.

तू केमिस्ट झालास, कंपनीत लोक तुला साहेब म्हणतात, आणि तरी तू मातीत हात घालतोयस. तुझ्या आईला बरं वाटलं असतं. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या रानात फळं तोडली.

चंद्रभानमामा

*

सरावली, बोईसर
१२ जानेवारी २०२५

ती. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

उशीर झाला. इथे जनरल शिफ्ट म्हणतात, पण सुटायची वेळ ठरलेली नाही.

जमीन पाम गावातल्या बायकांच्या बचत गटाची आहे, पाच गुंठे. सलोनीताई गटाच्या अध्यक्ष. त्या आणि गटातल्या बायका रोजचं पाणी, तोडणी, तोलणं बघतात. मी सकाळी कामावर जाण्याआधी आणि रविवारी जातो. इथली हवा तुमच्यासारखी थंड नाही. दुपारी पानं मान टाकतात, संध्याकाळी उठतात. तरी फळ धरलं. लाल सगळ्यांत आधी आला. निळा गोड, पण दुसऱ्या दिवशी बोट आत जातं. पांढरा आणि पिवळा दोन्ही मोठे, टणक, जरा आंबट.

पाला वाळवायचा प्रश्न होता. पाममध्ये अंगणात धूळ फार. सलोनीताईंनी किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या येसूबाईंचं नाव सुचवलं. मच्छीमार घर, सत्तरी उलटलेली बाई, आयुष्यभर बोंबील वाळवले. पहिली पिशवी घेऊन मीच गेलो. त्या म्हणाल्या, "काय आनलंस?"

"स्ट्रॉबेरीचा पाला."

"आनि फळ?"

"फळ गटाकडे."

"म्हंजे फळ त्यांना, पाला आमाला." हसल्या. मग दोन पानं चिमटीत धरून बघितली. "याला ऊन नाय द्यायचं. वारा द्यायचा. बोंबलाला ऊन लागतं, याला नाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"हात लावला ना."

पाचव्या दिवशी पाला मिळाला तो हिरवाच होता. पालघरचे धर्मेशभाई म्हणाले, असाच राहिला तर सगळा घेतो. पुढच्या हंगामात गट वीस गुंठे लावणार आहे. पाला पसंत पडला तर दांडीच्या सहा बायकांना दोन महिने वाळवणीचं काम मिळेल. मासळी आता कमी येते, बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांडी निम्म्या रिकाम्या दिसतात. येसूबाईंनी सहा जणींची नावंही ठरवली आहेत. मला दोनदा म्हणून दाखवली.

आपला,
ज्ञानेश

*

सरावली
९ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

शि. सा. नमस्कार.

आजवरची सरासरी लिहितो. एका रोपाचं फळ: लाल १८० ग्रॅम, निळा १५०, पांढरा २३०, पिवळा २२५. गोडी: निळा नऊ, लाल आठ, पांढरा आणि पिवळा दोन्ही सात. दोन दिवसांनी टणक राहिले ते पांढरा आणि पिवळा.

पाला: लाल, निळा आणि पांढरा यांचा चांगला, हिरवा. पिवळ्याचा वाळून काळा पडला. वासही बरा नाही. तेव्हा पिवळ्या दोऱ्याची जात फळाला उत्तम पण पाल्याला निकामी, असं माझं मत झालं आहे. गटाला पाला हवा असल्याने पुढच्या वर्षी ती लावू नये.

चार पुड्यांचं पार्सल येसूबाईंच्या नातीने, हेमालीने, पोस्टात टाकलं आहे. मिळेल.

आपला,
ज्ञानेश

*

भोसे
१६ फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञानेश,

पत्र मिळालं. पार्सल अजून नाही.

आता नावं सांगतो. लाल म्हणजे विंटर डॉन. निळा स्वीट चार्ली. पांढरा कॅमारोसा. पिवळाही कॅमारोसाच.

एकच जात दोन दोऱ्यांखाली देणं ही माझी जुनी सवय आहे. आम्ही तिला साक्षीची ओळ म्हणतो. दोन्ही ओळींचे आकडे जवळ आले तर तोलणाऱ्याचा हात खरा. तुझे फळाचे आकडे २३० आणि २२५ आले. ते वाचून मला फार बरं वाटलं. सुनेलाही दाखवले.

पण पाल्यात साक्ष फुटली. जात एक, माती एक, पाणी एक. एक पाला हिरवा आणि एक काळा होऊ शकत नाही. म्हणजे तो शेतातून निघाल्यावर बिघडला. तेव्हा जातीला दोष देऊ नकोस. पाला कोणाच्या हातात होता?

चंद्रभानमामा

*

सरावली
२२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं.

पाला येसूबाईंच्या घरी होता. त्यांच्या अंगणात बोंबील आणि मांदेली वाळत असतात. पिवळ्या दोऱ्याच्या पाल्याला मासळीचा वास लागला असावा, आणि तिथल्या ओलाव्याने तो काळाही पडला असावा. बाई मनाने चांगल्या आहेत. पण आपल्याकडे जी स्वच्छता असते ती तिथे मागता येत नाही.

सलोनीताईंनाही मी हेच सांगितलं. त्यांना लगेच पटलं. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने दोन ओळी लिहून दिल्या तर गटापुढे ठेवता येतील.

आपला,
ज्ञानेश

*

भोसे
१ मार्च २०२५

चि. ज्ञानेश,

पार्सल आलं. पिवळ्याची पुडी न उघडता टाकली. बाकीच्या तीन उत्तम आहेत, कॅमारोसाचा पाला तर पहिल्या प्रतीचा.

गटासाठी लिहितो: मासे आणि पाला एका अंगणात वाळवू नयेत. वाळवणीचं काम मच्छीमार वस्तीत देऊ नये, पाममध्येच मांडव घालावा. चहाला एकदा दुसरा वास आला की गिऱ्हाईक परत येत नाही.

त्या बाईंना वाईट वाटेल असं बोलू नकोस.

चंद्रभानमामा

*

दांडी
१४ मार्च २०२५

श्री. चंद्रभान मामा यांस,

नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी येसूबाईंची नात, हेमाली. पालघरला कॉलेजात शिकते. तुमचा पत्ता पार्सलवर लिहिलेला होता, तो मी उतरवून ठेवला होता.

मंगळवारी गटाच्या बैठकीत सलोनीताईंनी तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. आजी समोर बसली होती. तिला कामाचं ठरवायला म्हणून बोलावलं होतं. वाचून झाल्यावर सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. ज्ञानेशदादाही होते. ते मोबाइल बघत होते.

घरी येऊन आजीने माडीवरची लुगडी, ज्यांवर पाला वाळवला होता, ती सगळी पुन्हा धुतली. मी विचारलं, का धुतेस? तर म्हणाली, मला आता वास यायला लागला.

सहा जणींपैकी दोघी आल्या आणि म्हणाल्या, येसू, तुझ्यापायी आमचं गेलं. बाकीच्या चौघी आल्याच नाहीत.

काल आजी म्हणाली, लिव. ती बोलली तसंच लिहिते.

"आमी पाला मासळीत नाय घातला. मासळी अंगनात, पाला माडीवर, धुतलेल्या लुगड्यावर. आमच्या बोंबलाला तुमच्या पाल्याचा वास लागला असता तर बाजारात कोन घेनार होतं? आमाला आमची मासळी नाय जपायची?

"तीन पिशव्या एका दिशी आल्या. चौथी मागाहून आली, पाचव्या दिशी. आत हात घातला तर गरम. मी त्याला बोल्ली, बाबा, ह्यो पाला मेलेला हाय. तो बोल्ला, तरी वाळवा. मी वाळवला. मेलेला बोंबीलपन मी चांगला वाळवते, पन सडलेला मला नाय वाळवता येत.

"तुमी म्हनं वासावरनं पाला ओळखता. मग हुंगा."

सोबत दोन पुड्या आहेत. एक पांढऱ्या दोऱ्याची, एक पिवळ्या. आजीने दोन्हींतला थोडा-थोडा ठेवून घेतला होता. दोन्ही एकाच माडीवर वाळल्या.

पटलं नाही तर उत्तर लिहू नका.

हेमाली

*

भोसे
२० मार्च २०२५

चि. ज्ञानेश,

दांडीहून पत्र आलं, पुड्या आल्या. पत्राची नक्कल सुनेकडून लिहून घेतली, ती सोबत आहे. बसून वाच.

पिवळी पुडी मी हुंगली. मासळी नाही. आंबलेला पाला आहे. ओला पाला प्लास्टिकमध्ये कोंडला आणि उन्हात ठेवला की तीन-चार दिवसांत असा होतो. चाळीस वर्षांत मी तो वास शंभरदा घेतला असेल.

पहिल्या वेळी मी पुडी उघडली नाही. तू मासळी लिहिलंस आणि मला पुडीतून मासळीचा वास आलाच. बाकीच्या तीन पुड्या उत्तम म्हणून तुला लिहिल्या. त्याही त्याच घरातून आल्या होत्या, त्याच हातांनी वाळवलेल्या. एवढं मला दिसलं नाही. मच्छीमार वस्तीत काम देऊ नये, हे वाक्य तुझं नाही. माझं आहे. कुणीही मागितलं नव्हतं इतकं मी लिहून दिलं. दोन दिवस सुनेसमोर जेवायला बसलो नाही.

येसूबाईंना मी वेगळं लिहिलं आहे. काय लिहिलं ते तुला सांगणार नाही. हे माझं पत्र गटात वाचून दाखव, म्हणजे माझ्यापुरतं होईल. तुझं मी करू शकत नाही.

पिशवी चार दिवस कुठे होती?

चंद्रभानमामा

*

सरावली
२७ मार्च २०२५

ती. मामांस,

नमस्कार.

पिशवी कंपनीच्या गेटवर होती.

जातवार पाला वाळवायला दिला त्या दिवशी सकाळी तीन पिशव्या मी दांडीला पोचवल्या. पिवळ्या ओळीची पानं काढायची राहिली होती. ती सलोनीताईंनी मागाहून काढून दिली तोवर कामाची वेळ झाली, म्हणून पिशवी गाडीला अडकवून तशीच कंपनीत आणली. सुटल्यावर नेणार होतो.

गेटवर वॉचमनने अडवलं. "साहब, ये क्या है?" मागे आमचे प्लांट मॅनेजर उभे होते, लॅबमधले दोघे होते. पिशवीतून पानं बाहेर आली होती. एक जण म्हणाला, "ज्ञानेशजी ने बकरी पाल ली क्या?" दुसरा म्हणाला, "अरे, गाँव का आदमी है, चारा तो लगेगा." मॅनेजरही हसले. महिनाभरापूर्वीच मला सीनियर केमिस्ट केलं होतं.

मी म्हणालो, "मेरा नहीं है. कोई लटका के गया होगा."

वॉचमनने ती काढून केबिनमागे ठेवली. तिथे दिवसभर ऊन असतं. मी रोज जाता-येता तिच्याकडे बघितलं. प्लास्टिकला आतून वाफ धरलेली दिसायची. एकदा म्हणालो होतो माझी नाही, आता माझी कशी म्हणू, एवढंच मनात यायचं. पाचव्या दिवशी गेटवर वॉचमनशिवाय कुणी नव्हतं. वॉचमनला म्हणालो, "फेंकना है तो मैं ले जाता हूँ." तो म्हणाला, "ले जाइए साहब, बदबू मार रहा है." त्याला तेव्हाच सगळं कळलं असणार.

येसूबाई म्हणाल्या तसंच झालं. हा मेलेला आहे म्हणाल्या. मी वाळवा म्हणालो, कारण तुम्हाला चार पुड्या हव्या होत्या आणि माझ्याकडे चौथी नव्हती.

पहिल्यांदा दोष जातीवर टाकला. जात काही बोलणार नव्हती. तुम्ही साक्षीची ओळ सांगितलीत तेव्हा जातीवर ठेवता येईना. मग मासळी लिहिली. का लिहिली ते सांगतो. ते पटेल हे मला ठाऊक होतं. दुसरं काहीही लिहिलं असतं तर तुम्ही चार प्रश्न विचारले असते. सलोनीताईंनी विचारले असते. मासळी म्हटल्यावर कुणी एकही विचारला नाही.

मामा, त्या गेटवर मला पाल्याची लाज वाटली. म्हणजे तुमची वाटली. आईची वाटली. तिच्या लुगड्याला कायम असल्याच पानांचा वास असायचा, आणि शाळेत ती मला भेटायला आली की मी तिला लांब उभी राहा म्हणायचो. हे तुम्हाला ठाऊक नसेल. तिने कधी कुणाला सांगितलं नसेल.

रविवारी दांडीला जातो.

ज्ञानेश

*

सरावली
८ एप्रिल २०२५

ती. मामांस,

नमस्कार.

दांडीला जाऊन आलो. येसूबाई ओट्यावर करंदी निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, सगळं, गेटपासून. त्यांचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस? मला ठाऊक हाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग."

हेमाली दारात उभी होती. म्हणाली, "मागच्या बैठकीत मोबाइल बघत होतात तसे या वेळी नका बसू."

परवा, सहा तारखेला, पाममध्ये बैठक झाली. पुढच्या हंगामाचं ठरवायचं होतं. वीस बायका होत्या. येसूबाई आणि हेमाली आल्या, दाराशी बसल्या. धर्मेशभाईही पालघरहून आले होते. कॅमारोसा लावायची हे पाच मिनिटांत ठरलं. मग वाळवणीचा विषय निघाला तेव्हा मी उभा राहिलो.

पिशवी माझ्याकडे होती, असं सांगितलं. चार दिवस उन्हात होती. पाला माझ्यामुळे सडला आणि मी खोटं बोललो. तुमचं वीस तारखेचं पत्र वाचून दाखवलं, मासळी नाही, आंबलेला पाला आहे, हे दोनदा वाचलं.

मग सलोनीताई म्हणाल्या, "दादा, तुमचं मन मोठं आहे."

मी म्हणालो, मन मोठं नाही, सांगतोय ते खरं आहे.

"हो ना, पन एवढं सोतावर कोन घेतं आजकाल?" मागून एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, "मामा पन देवमानूस. म्हातारीला वाईट वाटलं म्हनून लिवलं असंल."

मी म्हणालो, कंपनीच्या वॉचमनला विचारा. त्यावर सगळ्या हसल्या. सलोनीताई म्हणाल्या, "एवढे शिकलेले तुम्ही, पाल्याची पिशवी चार दिवस विसराल होय?" मी म्हणालो, विसरलो नाही, टाकली. ते कुणी ऐकलं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली की पुडी तिने स्वतः हुंगली होती आणि तिला मासळीच आली होती. मामा, ती पुडी पाममध्ये कधी गेलीच नव्हती. पाला माझ्याकडून दांडीला गेला, पुडी दांडीहून थेट तुमच्याकडे.

धर्मेशभाई म्हणाले, "मला भांडण नको. पाला पाममध्येच सुकवा, मी घेतो."

येसूबाईंना बोलायला सांगितलं. त्या बसूनच म्हणाल्या, "मी काय बोलू? ज्याने केलं तो बोलतोय, तरी तुमाला नाय पटत. मी बोल्ली तर पटंल?"

मग ठरलं. मांडव पाममध्ये घालायचा, वाळवणी गटातल्या बायकांनी करायची. येसूबाईंनी सुरुवातीला मेहनत केली म्हणून त्यांना नारळ आणि ब्लाऊजपीस द्यायचं. ते आधीच आणून ठेवलं होतं. सलोनीताईंना स्वतःलाही देता आलं असतं, पण त्या म्हणाल्या, दादांच्याच हातून देऊ.

मी ते घेतलं नाही. मग सलोनीताईंनी दिलं. येसूबाईंनी नारळ घेतला, कापड परत ठेवलं. "चल, हेमाली," म्हणाल्या, "शेवटची रिक्षा जाईल." त्या दारातून बाहेर पडल्यावर आत टाळ्या वाजल्या. कुणासाठी ते मला आधी कळलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी पुन्हा उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो, गेट, वॉचमन, मॅनेजर. सलोनीताईंनी माझ्या दंडाला हात लावला. हलक्या आवाजात म्हणाल्या, "बसा दादा. कळलं आम्हाला."

मी बसलो.

ज्ञानेश